रायडिंग गिअरची सक्ती करायचीच, तर कोणावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बेल्जियममध्ये बाइकवर हातमोजे, लांब बाह्यांचं जॅकेट, लांब पँट आणि घोटा झाकणारे बूट हे रायडिंग गिअर कायद्यानेच लागतं. मग हाफ पँट आणि चपलेवर हायवेला सुटणाऱ्या मुंबईकरांना तशी सक्ती का नको? शिवाय ठाणे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) रोजच्या जाण्यायेण्यासाठी काय घ्यावं, हेही विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चालवणाऱ्यावर सक्ती नको. विकणाऱ्यावर आणि बाइकवर काम करून घेणाऱ्यावर हवी. हे 'हेल्मेटसक्ती नको' म्हणणाऱ्या पुणेकरांच्या चालीवर बोलत नाहीये. हेल्मेट हवंच, मागे बसणाऱ्यालाही हवं, त्यावर मी वाद घालत बसत नाही.

गिअरचा उपयोग होतो का? होतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागात पडलेल्या २१२ चालकांचा अभ्यास झाला होता, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बाइकसाठीचं जॅकेट घातलेल्यांना दवाखान्यात दाखल करावं लागण्याची शक्यता साधारण २१ टक्क्यांनी कमी निघाली. पँटने ती निम्म्यावर आली आणि हातमोज्यांनी जवळपास ६० टक्क्यांनी उतरली. सगळ्यात स्वस्त वस्तूचा आकडा सगळ्यात मोठा, हे लक्षात ठेवा. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही: अपघातात या गिअरपैकी २५ ते ३० टक्के फाटलं किंवा उसवलं. म्हणजे दुकानातून 'बाइकचं जॅकेट' म्हणून विकत घेतलेल्या मालाची ही गत. आपल्याकडे फुटपाथवर आणि ऑनलाइन जे 'रायडिंग ग्लोव्हज' म्हणून मिळतं, त्याचं काय होत असेल ते बघाच. पहिल्या पावसात त्यांचा रंग सुटतो आणि ऑफिसात पोचेपर्यंत हात कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे काळे होतात. शिवण कुठली टिकायला!

खरी मेख इथेच आहे. हेल्मेटची सक्ती निदान कागदावर तरी पूर्ण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आहे, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. मुंबईत वाहतूक पोलिसांनी जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यालाही दंड लावायला सुरुवात केली, पाचशे रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन. तरीही उन्हाळी टोपीसारखं अर्धं हेल्मेट, पट्टा न लावलेलं, प्रत्येक सिग्नलला दिसतंच. जॅकेट-हातमोज्यांसाठी तर आयएसआयसारखी सक्तीच नाही. युरोपात 'ईएन १७०९२' नावाचं मानक आहे. त्यात ट्रिपल ए (सगळ्यात मजबूत), डबल ए, ए असे उतरते वर्ग असतात, आणि कापड रस्त्यावर घासल्यावर किती टिकतं ते यंत्रावर तपासून वर्ग ठरतो. हा वर्ग आतल्या लेबलवर छापलेला असतो. आता कलानगरच्या सिग्नलला उभा असलेला हवालदार तुमच्या जॅकेटचं लेबल उलटून वाचणार आहे का? तो बघणार बाही लांब आहे की नाही. मग लोक विंडचीटर घालतील, कायदा खूश, आणि पडल्यावर ते विंडचीटर कोपराला चिकटून वितळेल.

आणि अफवांचं राज्य वेगळंच. २०१९ मध्ये दंड वाढले तेव्हा व्हॉट्सॲपवर असं पसरलं की हाफ शर्ट, लुंगी किंवा चप्पल घालून चालवलं तर चलान फाटतं. शेवटी गडकरींच्या कार्यालयाला ट्विट करून सांगावं लागलं की अशी तरतूदच नाही. खरोखर तरतूद केली तर नाक्यानाक्यावर काय चित्र असेल, ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

बेल्जियमचा नियम सप्टेंबर २०११ पासूनचा आहे. फ्रान्सने त्याहून शहाणपणा केला असं माझं मत. नोव्हेंबर २०१६ पासून तिथे हेल्मेटखेरीज अंगावर फक्त सीई (युरोपातलं सुरक्षा प्रमाणन) शिक्क्याचे हातमोजे सक्तीचे आहेत, चालवणाऱ्याला आणि मागच्यालाही. एकच वस्तू, ओळखायला सोपी. पण दोन्ही देशांत रस्त्यावरची बाइक बहुतेक करून हौसेची किंवा दुसरी गाडी असते. आपल्याकडे ती घरातली एकुलती एक गाडी असते, तिच्यावर मुलगी शाळेत जाते, बायको स्टेशनला, आणि परत येताना भाजी. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. दुचाकीवरच्या सगळ्यांना उद्यापासून आर्मर (मार झेलणारे पॅड) लावलेलं जॅकेट घाला म्हणणं म्हणजे नव्वद टक्के शहराला गुन्हेगार करणं.

मुंबईचं ऊन आणि दमट हवा हाही निव्वळ बहाणा नाही. मे महिन्यात कुर्ल्याच्या सिग्नलला बंद जॅकेटमध्ये तीन मिनिटं उभं राहून बघा. अंग तापलं की माणूस चिडतो, लक्ष उडतं, ब्रेक उशिरा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या 'मोटोकॅप' योजनेत म्हणूनच प्रत्येक जॅकेटला संरक्षणाचे वेगळे तारे देतात आणि हवा खेळण्याचे वेगळे.

त्यात शहराने दुचाकीवाल्यांना बरोबर खाली ढकललंय. जेजे उड्डाणपूल बंद, सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद. चांगला रस्ता आला की पाटी लागते, दुचाकींना मनाई. मग उरतात एलबीएस मार्ग, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसात तेलकट झालेली झाकणं. इथे माणूस ताशी ऐंशीने पडत नाही, तीसने पडतो. असं पडताना हात आपोआप पुढे जातो. गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा अशाच एका प्लेटवर घसरला. हाड शाबूत, डोकं शाबूत, पण दोन्ही तळव्यांची साल मनगटाजवळून उतरलेली आणि आत बारीक खडी. नर्स चिमट्याने एकेक कण काढत होती. पुढचे कितीतरी दिवस त्याला आईने भरवलं, शर्टाचं बटणही लावता येईना. तळव्याला जाड पॅड असलेले साधे हातमोजे असते तर हे सगळं टळलं असतं. म्हणून गिअर घालाच असं मी कुणालाही सांगतो. दंडाच्या पावतीने हे पटवता येईल यावर विश्वास नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. अपघातात भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो, तेव्हा हेल्मेट नव्हतं म्हणजे जखमीचाही दोष होता, रक्कम कमी करा, हा विमा कंपन्यांच्या वकिलांचा ठरलेला मुद्दा असतो. उद्या जॅकेट सक्तीचं झालं की त्याच यादीत जॅकेट जाईल. डंपरने उडवलेल्या डिलिव्हरीच्या पोराच्या बापाला विचारतील, बूट घोट्याच्या वर होते का? सक्ती मागण्याआधी हा विचार करावा.

मग सक्ती कोणावर? आपल्या नियमांतच वाट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ क्रमांकाच्या नियमाने मागच्या चाकावर साडी गार्ड आणि मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी बसवणं कंपनीला बंधनकारक केलंय. साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून बायकांना 'साडी नेसू नका' असं कायदा म्हणाला नाही, गाडीत सोय करायला लावली. नियम १३८ प्रमाणे नवी दुचाकी विकताना हेल्मेटही द्यावं लागतं. त्याच यादीत प्रमाणित हातमोज्यांची एक जोडी घाला. लाखाच्या आसपासच्या गाडीत कंपनीला ती जड नाही. जॅकेट, गार्ड, हातमोजे म्हणून जे काही विकाल त्याला भारतीय मानकाचा शिक्का लागेल, असा आदेश काढा, जसा हेल्मेटचा काढला. आणि डिलिव्हरी, बाइक टॅक्सी, कुरिअर यांनी आपल्या माणसाला गिअर फुकट द्यावं. आज काय होतं, टी-शर्ट आणि पाठीवरची पेटी मिळते, तीही बऱ्याचदा पैसे कापून. कंपनीच्या नावाचा टी-शर्ट देता येतो तर कंपनीच्या नावाचं मेश (जाळीदार कापडाचं) जॅकेटही देता येतं, जाहिरात मोठीच होईल.

आता तुमची खरेदी. ईस्टर्न एक्सप्रेसवरून एससीएलआरला (सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड) वळून बीकेसी, म्हणजे वेग जास्तीत जास्त साठ-सत्तर. ट्रिपल ए घेऊ नका, मे महिन्यात ते कपाटात पडून राहील. मेश जॅकेट घ्या, डबल ए मिळालं तर उत्तम, नाहीतर ए चालेल, फक्त खांद्याला आणि कोपराला सीई लेव्हल एकचं तरी आर्मर हवं. दुकानात हात वर-खाली करून बघा, आर्मर कोपरावरून सरकलं तर एक साइज कमी घ्या. जॅकेटच्या आत लावायचा पावसाळी लायनर आपल्याकडे बिनकामाचा: बाहेरचं जॅकेट चिंब भिजतं आणि ऑफिसात दिवसभर वास मारतं. त्यापेक्षा वरून घालायचा रेनकोट एक नंबर मोठा घ्या.

जीन्सवर विसंबू नका, साधी डेनिम रस्त्यावर सेकंदभरही टिकत नाही. पँट बदलायची कटकट नको असेल तर पँटवर बांधायचे नी गार्ड घ्या, ऑफिसात काढून ड्रॉवरमध्ये टाकता येतात. बूट घोट्यापर्यंतचे, लेस आत खोचता येईल असे.

बजेट आत्ता एकाच वस्तूचं असेल तर हातमोजे, दीड-दोन हजारांत बरे मिळतात. मनगटाचा पट्टा आवळून बोटांनी ओढून बघा, निघून आले तर ते पडल्यावरही निघतील. आणि घेण्याआधी ते घालून स्वतःच्या गाडीचा क्लच दाबून बघा, दुकानदार पार्किंगपर्यंत जाऊ देत नसेल तर दुसरं दुकान धरा.