मालिशीनंतर रक्तदाब उतरला, म्हणून गोळी बंद करावी का?

वडिलांचे वय ६२, मालिशीपूर्वी रक्तदाब १५०/९४, तासाभराच्या मालिशीनंतर १३८/८६, आणि त्यावर मालीश करणाऱ्याने 'आता गोळी बंद करा' असा दिलेला सल्ला, हे आपण लिहिलेले वाचले. तो सल्ला मानू नये.

उतरलेला आकडा खोटा नाही. हलक्या, संथ हाताच्या मालिशीने शरीराला विसावा देणारी मज्जासंस्था जागी होते, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या किंचित सैलावतात आणि वरचा दाब काही अंकांनी खाली येतो. मात्र तासभर डोळे मिटून नुसते पडून राहिल्यानेही दाब उतरतो, त्यामुळे या बारा अंकांपैकी तेलाचे श्रेय किती आणि विश्रांतीचे किती, हे एका मोजणीवरून सांगता येत नाही. शिवाय ही घट टिकाऊ नसते. मी गेली अनेक वर्षे रक्तदाबाची गोळी घेतो आणि घरच्या यंत्रावर नोंद ठेवतो. मालिशीच्या संध्याकाळी दिसलेला चांगला आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वहीत क्वचितच टिकलेला आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक सोडल्या, तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो, हा धोका वेगळाच.

आपल्या कोल्हापुरात मालीश म्हटले की तालीम आठवते. तरुणपणी मीही लाल मातीत उतरलो आहे, आणि मेहनतीनंतर जोडीदाराने कोपराने रगडलेली पाठ अजून आठवते. पण तो रगडा आखडलेले स्नायू मोकळे करून दुसऱ्या दिवशीच्या जोर-बैठकांसाठी अंग तयार करण्याकरिता असे. तिथे रक्तदाब मोजायचे कोणाच्या मनातही येत नसे. कळ येईल इतक्या जोराने दाबले, की शरीर वेदनेला उत्तर देते आणि दाब उतरण्याऐवजी वाढतो. तेव्हा वडिलांना पैलवानी रगडा नको, तळहाताने केलेली हलकी मालीश पुरे.

मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे नाडी लागते, तिथे तर मुळीच दाबू देऊ नये. तिथल्या रोहिणीवर दाब पडल्यास उतारवयात ठोके एकदम मंदावून चक्कर येऊ शकते, आणि रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलेला असेल तर तो सुटून मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. एकाच पायाला सूज किंवा दुखरा ताठरपणा असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय चोळू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा दाब १८०/११० च्या घरात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज मालीशच करू नये. मालीश संपल्यावर ताडकन उठू नये. कुशीवर वळून, थोडे बसून मगच उभे राहावे, कारण गोळी आणि सैलावलेले अंग यांमुळे भोवळ येते.

मोजणी मालिशीच्या टेबलावर नव्हे, तर रोज सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी करावी. त्याआधी अर्धा तास चहा व तंबाखू टाळून पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात हृदयाच्या उंचीवर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात. तांबड्या रश्शाबरोबर पापड-लोणच्यातून पोटात जाणारे मीठ कमी झाले, तर त्याचा परिणाम त्याच वहीत मालिशीपेक्षा अधिक ठळक दिसण्याचा संभव आहे. आठवडाभराची वही डॉक्टरांपुढे ठेवा; गोळीची मात्रा कमी करायची की तशीच ठेवायची, ते ती पाहून ठरवतील.