भोपाळ गॅस दुर्घटनेनंतर कारखान्यांच्या सुरक्षेचे नियम खरंच बदलले का?

मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टीला आहे. नियम बदलले का, तर हो, कागदावर बरेच बदलले, पैकी दोन मला खरोखर कामाचे वाटतात.

आधी एक सांगतो. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात सुरक्षेची यंत्रणा नव्हती असं नाही हो, सगळी होती! ई-६१० टाकीत चाळीसेक टन एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट, अतिविषारी रसायन), ती थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन जूनपासूनच बंद, गॅस धुणारा स्क्रबर स्टँडबायवर आणि फ्लेअरकडे (सुटलेला गॅस जाळून टाकणारा मनोरा) जाणाऱ्या पाइपचा तुकडाच काढून ठेवलेला. त्यात टाकीत पाणी गेलं आणि गॅस सुटला. पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती भोंग्याची, वस्तीसाठीचा भोंगा थोडाच वेळ वाजवून बंद केला. तोंडाला ओलं फडकं लावा, वाऱ्याला आडवे पळा, एवढं जरी लोकांना आधी कुणी शिकवलं असतं तरी कितीतरी जीव वाचले असते.

मग १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ ला फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली. पहिला कामाचा बदल म्हणजे कंपनी असेल तर 'ऑक्युपायर', म्हणजे कारखान्यासाठी कायद्याने जबाबदार माणूस, संचालकांपैकीच एक. आधी एखाद्या मॅनेजरला कागदावर उभं केलं की वरचे मोकळे. आता केस झाली तर साहेबाच्या नावावर होते, त्यामुळे व्हॉल्व्ह बदलायची फाइल निदान वाचली तरी जाते (मंजूर होतेच असं नाही 😅). दुसरा म्हणजे त्याच दुरुस्तीत आलेलं कलम ४१ बी, धोका काय आणि गॅस सुटला तर करायचं काय हे कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीलाही सांगणं बंधनकारक. धोकादायक रसायनांबद्दलच्या १९८९ च्या नियमांनी कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडाही आला, तो जिल्हा प्रशासनाने करायचा.

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. मागच्या मॉक ड्रिलला आम्ही भोंगा वाजवला, गेटबाहेर आलो, प्लांटवरचा विंड सॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) सरळ वस्तीकडे फडफडत होता आणि तिथल्या एक आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. म्हटलं आजी, भोंगा ऐकला ना? तर म्हणाल्या, "आज शिफ्ट लवकर सुटली व्हय रं?"