घरच्या पत्त्यावर बंदुकांचा परवाना

प्रश्न : मी गेली पंधरा वर्षे अमेरिकेत असून टेक्सासमधील डॅलसजवळच्या एका उपनगरात स्वतःच्या घरात राहतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. नेमबाजीचा छंद जुना आहे आणि बंदुकांची किरकोळ दुरुस्तीही मी शिकलो आहे. आता नोकरी सांभाळून घराच्या गॅरेजमधून दुरुस्ती करावी आणि लोक इंटरनेटवरून विकत घेतात त्या बंदुकांच्या हस्तांतरणाची कागदपत्रे करून द्यावीत, असा विचार आहे. केंद्र सरकारचा परवाना दोनशे डॉलरमध्ये मिळतो असे ऐकले. घरात पत्नी, मुलगा आणि एच-१बी व्हिसावर आलेला धाकटा भाऊ आहे. आईवडील वर्षातून काही महिने येथे येऊन राहतात. मी अर्ज करावा का?

उत्तर : आपण ऐकलेला आकडा बरोबर आहे. विक्रेत्याचा परवाना, ज्यात दुरुस्तीचे कामही येते, तीन वर्षांसाठी २०० डॉलरला मिळतो आणि नूतनीकरणास पुढील तीन वर्षांसाठी ९० डॉलर पडतात. मात्र या रकमेकडे पाहून निर्णय घेऊ नये, कारण या व्यवसायात खरी परीक्षा अर्जदाराची होत नाही, त्याच्या घराची होते. म्हणून परवान्याचा अर्ज हातात घेण्यापूर्वी आपल्या घराविषयी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात, असे मी सुचवीन.

पहिली गोष्ट कायद्याच्या व्याख्येतच दडलेली आहे. शस्त्रपरवाने देणारे एटीएफ हे खाते १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यानुसार काम करते. त्याच्या नियमांत व्यवसायाची जागा म्हणजे काय हे सांगताना, ज्या खासगी निवासस्थानाचा कोणताही भाग लोकांसाठी खुला नाही ते व्यवसायाची जागा मानले जाणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. याचा अर्थ घरातून धंदा करण्यास केंद्राची ना नाही. पण घराचा काही भाग गिऱ्हाइकांना येण्याजोगा असला पाहिजे आणि अर्जात आपण कामाचे वार व वेळा लिहून दिल्या पाहिजेत.

आता याच्या अगदी उलट बाजूने आपल्या शहराचा झोनिंगचा, म्हणजे कोणत्या वस्तीत काय करता येईल हे ठरवणारा, नियम येतो. निवासी वस्तीत घरगुती व्यवसायाला परवानगी देताना बहुतेक शहरे शेजाऱ्यांना त्रास होऊ नये याकडे पाहतात आणि त्यामुळे बाहेर पाटी नको, गिऱ्हाइकांची वर्दळ नको, अशा अटी घालतात. काही ठिकाणी शस्त्रविक्रीला नाव घेऊन मनाई असते. एक सरकार म्हणते की दार उघडे ठेवा आणि दुसरे म्हणते की दारात कोणी दिसू नये. घरून हा व्यवसाय करू पाहणाऱ्यांचे अर्ज मुख्यतः या कात्रीत सापडतात. ठरलेल्या वेळी एकावेळी एकच गिऱ्हाईक बोलावण्याची पद्धत काही शहरांना चालते. आपल्याकडे ती चालते का, हे सिटी हॉलच्या नियोजन विभागाकडून लेखी घ्यावे. फोनवरील ‘हरकत नसावी’ या उत्तराचा पुढे काडीचाही उपयोग होत नाही. अर्जावर सही करताना आपण असे प्रमाणित करीत असता की या जागेवर हा व्यवसाय राज्याच्या किंवा स्थानिक कायद्याने निषिद्ध नाही आणि अर्ज मंजूर झाल्यापासून ३० दिवसांत स्थानिक कायद्याच्या सर्व अटी पूर्ण केल्या जातील. ही सही चुकीची ठरली तर केवळ परवाना हुकत नाही, खोटे विधान केल्याचा प्रश्न उभा राहतो.

ही कडक अट पूर्वी नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस परवान्याचे शुल्क वर्षाला जेमतेम १० डॉलर पडत असे आणि देशात अडीच लाखांहून अधिक परवानाधारक होते. त्यांतील अनेकांचे ‘दुकान’ म्हणजे स्वयंपाकघरातील टेबल, असे तेव्हा उपहासाने म्हटले जाई. १९९३ मध्ये शुल्क वाढले, १९९४ मध्ये बोटांचे ठसे, छायाचित्र आणि स्थानिक कायद्याच्या पालनाची अट आली आणि त्या दशकाच्या अखेरीस परवानाधारकांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. आपल्याला आज जी चौकशी जाचक वाटेल, तिचे मूळ तेथे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या वस्तीच्या होमओनर्स असोसिएशनची. तिचे नियम म्हणजे सरकारी कायदा नव्हे. पण घर घेताना आपण त्या करारावर सही केलेली असते आणि त्याच्या जोरावर असोसिएशन आपल्याला न्यायालयात खेचू शकते. (पुण्यातील गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यावर अधिक सांगायला नको.) शेजारच्या राज्यातूनच नव्हे, आपल्याच टेक्सासमधील ह्यूस्टनमधून कोणी ‘आमच्याकडे झोनिंगच नाही’ असे सांगेल. ते खरे आहे, तरी तेथेही मालमत्तेच्या खरेदीखतातील निर्बंध लागू होतातच. सोबत घराचा विमाही पाहावा. सर्वसाधारण गृहविम्यातून व्यवसायाशी संबंधित हानी वगळलेली असते आणि गिऱ्हाइकाची बंदूक आपल्या गॅरेजमधून चोरीस गेली तर ती नेमकी त्याच वर्गात मोडते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्यासारख्या कुटुंबांना विशेष लागू होते आणि इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये तिच्याविषयी फारसे लिहिलेले नसते. आपण ग्रीन कार्डधारक असल्याने, २१ वर्षे पूर्ण असून शस्त्र बाळगण्यास अन्य कोणत्याही कारणाने अपात्र नसाल, तर अर्ज करू शकता. परंतु तात्पुरत्या, म्हणजे बिगर-स्थलांतरित व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. एच-१बी आणि पर्यटक व्हिसा दोन्ही यात येतात. वैध शिकारी परवाना असणे यांसारखे काही अपवाद आहेत, पण व्यवसायाच्या बाबतीत त्यांच्या भरवशावर राहू नये. ‘बाळगणे’ याचा अर्थ न्यायालये केवळ हातात धरणे असा घेत नाहीत. वस्तू आपल्या ताब्यात घेण्याची सोय आणि इरादा असणे, हेही त्यात धरले जाते. म्हणून आपले बंधू आणि आईवडील त्या घरात राहू शकतात, पण तिजोरीची किल्ली त्यांच्या हाती लागता कामा नये आणि कुलपाचे आकडे त्यांना ठाऊक असता कामा नयेत. आपल्याकडे घरात दुकान म्हटले की साऱ्यांचा हातभार गृहीत धरलेला असतो. आपण कामावर असताना कुरिअरवाला पेटी घेऊन आला, भावाने सही करून ती आत ठेवली, इतक्या साध्या प्रसंगातून त्याच्यावर गुन्हा आणि त्याच्या व्हिसावर गदा येऊ शकते. शिवाय एच-१बी वर आपल्या मालकाखेरीज अन्यत्र काम करण्याची त्याला मुभा नाही, हे वेगळेच. गॅरेज घराच्या आतून उघडत असेल तर ते दार कुलूपबंद करावे, पेट्या केवळ आपण घरी असतानाच येतील अशी व्यवस्था करावी आणि शक्य असल्यास कामाच्या खोलीला बाहेरून स्वतंत्र दार काढावे.

या तिन्ही गोष्टी जमल्या तर पुढचा मार्ग त्या मानाने सरळ आहे. एटीएफचा फॉर्म ७ भरून त्यासोबत बोटांचे ठसे आणि दोन इंच चौरस छायाचित्र जोडावे. अर्जाची एक प्रत शहराच्या पोलीस प्रमुखाकडे किंवा काऊंटीच्या शेरीफकडे पाठवावी लागते. ही केवळ सूचना आहे, त्यांची संमती लागत नाही. त्यानंतर एटीएफचा तपासनीस प्रत्यक्ष भेटीस येतो, जागा पाहतो आणि नियम समजावून सांगतो. बिनचूक अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो. टेक्सासमध्ये राज्याचा वेगळा शस्त्रविक्री परवाना नाही, मात्र विक्रीकराची नोंदणी करावी लागते. आपण इलिनॉय किंवा न्यू जर्सीत असता तर राज्याची मंजुरीही घ्यावी लागली असती.

परवाना भिंतीवर लागल्यावर जे सुरू होते, ते मुख्यतः कारकुनी काम आहे आणि ते आवडणार नसेल तर या धंद्यात पडू नये. आलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर आवक-जावक वहीत झाली पाहिजे, गेलेल्या बंदुकीची सात दिवसांत. दुरुस्तीला आलेली बंदूक मालक समोर बसला असताना त्याच दिवशी परत केली तर नोंद लागत नाही. रात्रभर राहिली तर लागते. हस्तांतरणाच्या वेळी खरेदीदाराने फॉर्म ४४७३ स्वतः भरावा लागतो आणि १९९८ पासून सुरू असलेल्या एनआयसीएस या केंद्रीय यंत्रणेकडून त्याची पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते. एकाच व्यक्तीने सलग पाच कामाच्या दिवसांत दोन किंवा अधिक पिस्तुले घेतली तर वेगळा अहवाल, चोरी किंवा गहाळ झाल्यास ४८ तासांत एटीएफ आणि स्थानिक पोलीस दोघांना सूचना. हे सर्व कागद आता धंदा बंद होईपर्यंत जपायचे असतात आणि बंद झाल्यावर ते एटीएफकडे सोपवावे लागतात. तपासनीस बारा महिन्यांतून एकदा न्यायालयाच्या वॉरंटशिवाय नोंदी व साठा तपासू शकतो. एका हस्तांतरणामागे साधारणपणे २५ ते ५० डॉलर मिळतात, हे लक्षात घेऊन या श्रमांचा हिशेब आपणच मांडावा. माझे मत विचाराल तर भाऊ स्वतंत्र घरात राहू लागेपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहणारा अमेरिकन नागरिक आहे. मला फक्त जुन्या लष्करी रायफली जमवायच्या आहेत. परवाना घेतला तर त्या घाऊक दराने आणि थेट घरी मिळतील, असे मित्र म्हणतात. वर्षाकाठी एखादी विकेनही. विक्रेत्याचा परवाना घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये, आणि खरे तर मिळूही नये. केवळ स्वतःचा संग्रह वाढवण्यासाठी विक्रेत्याचा परवाना दिला जात नाही. अर्जदाराचा व्यवसाय करण्याचा इरादा असावा लागतो. आपल्यासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना आहे. तो तीन वर्षांसाठी ३० डॉलरला मिळतो आणि त्यावर सामान्यतः ५० वर्षांहून जुनी शस्त्रे घेता येतात, मात्र राज्याचे खरेदीविषयक नियम पाळूनच. त्याच्या आधारे धंदा करता येत नाही. जून २०२२ च्या दुरुस्तीनंतर मुख्यतः नफा मिळवण्यासाठी वारंवार खरेदी-विक्री करणारा माणूस व्यावसायिक ठरतो आणि विनापरवाना व्यवसायाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संग्रहातील एखादी रायफल क्वचित विकणे यात येत नाही. मित्रांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, व्हिसामुळे ज्याला बंदूक घेता येत नाही अशा ओळखीच्या माणसासाठी आपल्या नावावर ती खरेदी करू नये. त्याच दुरुस्तीने या गुन्ह्याची शिक्षा १५ वर्षांपर्यंत नेली आहे.

प्रश्न : साताऱ्याजवळ आमची शेती असून वडिलांच्या नावे परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. तिचे सुटे भाग येथे मिळत नाहीत. माझा भाचा अमेरिकेत घरून बंदूकदुरुस्तीचा परवाना घेत आहे. त्याने ते भाग सामानातून आणले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भाग येतात आणि त्यांच्या आयातीला परवाना लागतो. तिकडून बंदुकीचे भाग बाहेर नेण्यावर अमेरिकेच्या निर्यात नियमांचे बंधन आहे आणि भाच्याचा दुरुस्तीचा परवाना म्हणजे निर्यातीची परवानगी नव्हे. विमानतळावर ते सापडले तर दोन्ही देशांत प्रकरण उभे राहील आणि त्याचा नवा परवाना सर्वांत आधी जाईल. आपल्याकडे शस्त्रांची दुरुस्ती करण्यासही त्याच कायद्याखालील परवाना लागतो. तेव्हा गावातील लोहाराकडे न जाता वडिलांनी मूळ परवाना सोबत घेऊन बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे न्यावी आणि तेथे ठेवावी लागली तर तिची पोहोच घ्यावी.