वर्कशॉपचे सवाल-जवाब

प्रश्न : २५ मिमीच्या ब्राइट बारमध्ये ४०० मिमी लांब, आरपार ८ मिमीचा की-वे (चावी बसवायची खाच) मारायचा आहे. व्हर्टिकल मिलिंग आहे. बार व्हाइसमध्ये धरून ८ च्या एंडमिलने एकाच कटात मारला. खाच एका टोकाला मध्यापासून सरकते, आणि सोडल्यावर बार वाकलेला निघतो. कुठं चुकतंय? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : व्हाइस आधी बाजूला ठेवा. जबड्याबाहेर लोंबणारा बार कटरखाली दबणारच. टेबलाचा टी-स्लॉट, म्हणजे क्लॅम्पचे बोल्ट बसवायची लांब खाच, घ्या. त्याच्या दोन काठांवर बार व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) बसावा तसा बसतो आणि टेबलाच्या चालीला समांतर राहतो. काठ ठोकले गेले असतील तर ऑइलस्टोन फिरवा. तरीही बारच्या माथ्यावर आणि कुशीला डायल (सरळपणा दाखवणारं काट्याचं मापक) लावून दोन्ही टोकं बघाच. खाच आरपार असल्यानं क्लॅम्प आड येतील. ते एकेक करून सरकवा, सगळे एकदम ढिले करायचे नाहीत.

आता वाकण्याचं. दुकानदार ब्राइट बार सरळ म्हणून देतो आणि तो सरळ असतोही, पण थंड ओढून काढलेल्या बारच्या कातडीत ताण कोंडलेला असतो. एका बाजूचं कातडं काढलंत की तो कमान धरतो. क्लॅम्प कितीही आवळा, सोडल्यावर वाकणारच. म्हणून ६ च्या स्लॉट ड्रिलनं (खाच काढायच्या कटरनं) मधून खाच काढा, तळाला थोडा माल ठेवा. मग बार सोडा, वाकला असेल तर प्रेसवर सरळ करा, पुन्हा बांधून डायल लावा आणि मगच फिनिश. बार मोठ्या व्यासाचा घेऊन आधी स्ट्रेस रिलीव्ह केला (भट्टीत तापवून ताण काढला) आणि मग २५ ला आणला तर उत्तमच, पण एका नगासाठी भट्टीवाला दारात उभं करत नाही.

फिनिशला त्याच ६ च्या कटरनं आधी एक भिंत, मग दुसरी. ८ चा कटर भरल्या मालात घातला की एका बाजूला ओढतो आणि खाच रुंद होते. बॅकलॅश (टेबलाच्या स्क्रूमधली ढिलाई) दर वेळी एकाच बाजूनं काढा. रुंदी ८.०० ते ७.९६४ मध्ये बसवायची.

खोली माथ्यापासून ४ मिमी. पण व्हर्निअर खाचेच्या काठावर टेकवून शेपटीनं (खोली मोजायच्या पट्टीनं) मोजाल तर फसाल. गोलाईमुळे काठ माथ्यापेक्षा ०.६६ मिमी खाली असतो, म्हणजे खोली बरोबर असूनही शेपटी ३.३४ दाखवेल. मायक्रोमीटरचं साधं टोक ८ च्या खाचेत शिरतं. तळापासून बारच्या पाठीपर्यंत २१.०० आलं की थांबा.