काटा मधोमध आहे म्हणजे सगळं थंड आहे असं नाही

गणपतीला गाड्या घाट उतरून आल्या नि चढून परत गेल्या, आणि तेव्हापासून टेंपरेचरच्या काट्याबद्दलचे प्रश्न येतायत. त्यातले पाच घेतो.

आंबा घाटात काटा अर्ध्यावरच होता, अचानक बॉनेटमधून वाफ आली आणि काटा उलट खाली गेला. मीटर खराब झालाय का? (साखरपा)

मीटर बहुतेक ठीक असणार, पाणी गेलंय तुमचं. तापमान मोजणारा सेन्सर कुलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, बुडलेला असतो तोवरच खरं तापमान सांगतो, पाइप फुटून पाणी उतरलं की तो नुसत्या हवेत नाहीतर वाफेत राहतो आणि काटा पडतो, आणि आपल्याला वाटतं चला, गाडी थंड झाली, म्हणून आपण अजून दोन वळणं रेटतो नि तिथेच हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं. माझ्याकडे अशी वाकलेली हेडं आलीत आणि प्रत्येक वेळी मालक हेच सांगतो, काटा तर खाली होता हो! घाटात तापत असताना काटा एकदम पडला तर ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

दुसरं म्हणजे आजकालच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधे बांधून ठेवलेला असतो, साधारण ८० ते १०५ डिग्रीपर्यंत तो हलतच नाही, आणि हलायला लागतो तेव्हा वेळ थोडाच उरलेला असतो. खरा आकडा हवा असेल तर ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा डबा, लावून मोबाइलवर बघा. आणि कृपा करून गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो म्हणून पाणी १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

जुन्या डिझेल जीपला ऑइल टेंपरेचरचा मीटर लावायचाय, पाण्याचा एक मीटर पडून आहे, तोच चालेल का? (चिपळूण)

नको. मीटर आणि त्याचा सेंडर (इंजिनात बसून तापमान कळवणारा सेन्सर) ही जोडी असते, एकाचा मीटर नि दुसऱ्याचा सेंडर जोडला तर काटा हलेल पण आकडा खोटा. शिवाय पाण्याचे बरेच मीटर १२० ला संपतात, ऑइलला १५० पर्यंतचा लागतो. इंजिन ऑइल ९० ते ११० मधे असलं की छान, लांब चढावर १२० दिसला तर घाबरू नका, पण १३० च्या पुढे सरकला तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. उलट गंमत अशी की पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल अजून थंडच असतं, त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, म्हणून सकाळी लगेच रेटू नका. नुसतं बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत ऑइल पुरतं तापतच नाही, आतला ओलावा उडत नाही, मग ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते. आपल्या दमट हवेत हे जास्तच.

सेंडर ऑइल चेंबरच्या खालच्या, ऑइल सोडायच्या नटाच्या जागी किंवा फिल्टरखाली अडॅप्टर घालून बसतो. एका वायरचा असेल तर त्याचं अर्थिंग इंजिनच्या धातूतूनच होतं, त्यामुळे आट्यांवर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळू नका. आणि किनाऱ्यावर राहता तर अर्थिंगची पट्टी वर्षातून एकदा तरी घासाच, खारी हवा तिथे गंज धरते, रेझिस्टन्स वाढतो आणि बहुतेक सेंडर असे असतात की रेझिस्टन्स वाढला की मीटर *कमी* तापमान दाखवतो. म्हणजे गंजामुळे गरम गाडी थंड दिसते!

ऑटोमॅटिक गाडी कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे रखडली आणि गिअरबॉक्स गरम झाल्याचा मेसेज आला, पाण्याचा काटा मात्र नॉर्मल. (गुहागर)

दोन्ही खरं आहे. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. हळू चढताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन नि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणारा भाग) घसरत राहतो आणि सगळी उष्णता त्या ऑइलमधे जाते. ८० ते ९५ बरं, १२० च्या वर ऑइल लवकर मरतं. थांबा, पार्कमधे घालून इंजिन चालूच ठेवा म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहील. पुढे मॅन्युअल मोडमधे खालच्या गिअरवर चढा.

बोटीचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थेट थंड होतं, काटा ५५ च्या आसपास. ट्रकसारखा ८५ वर आणायचा का? (मालवण)

अजिबात नको. खारं पाणी ६० च्या वर गेलं की मीठ नि क्षार आत बसायला लागतात, म्हणूनच तुमचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, कमी डिग्रीचा आहे. ८५ चे आकडे हीट एक्स्चेंजरवाल्या इंजिनाचे, तिथे आतून गोडं पाणी फिरतं. तुमच्या काट्याची रोजची जागा ओळखून ठेवा, ती पाच-सात डिग्री वर सरकली तर आधी इंपेलर (पंपातली पाणी ओढणारी रबरी चकती) आणि गाळणी बघा.

ब्रेक ऑइलला मीटर बसतो का? (दापोली)

साध्या गाडीला नाही बसवत. पण उतारावर ते उकळू शकतं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार; नवीन डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५, डॉट ४ चा २३०, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि ओलं झालं की तोच १४० नि १५५ वर येतो. दर दोन वर्षांनी बदला, आणि पेडल मऊ लागलं तर पंप करत खालच्या गिअरला घ्या, गाडी उभी करा, चाकं गार होईपर्यंत पुढे जाऊ नका.