गर्भातील यकृताच्या तक्त्यांविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

उंदराच्या गर्भातील यकृतावरचे तुझे टिपण मी दोनदा वाचले. अकराव्या दिवसापासून जन्मापर्यंत अल्ब्युमिन या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या एन्हान्सरवरील (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावरील) मिथायलेशन, म्हणजे जनुक सहसा बंद ठेवणारी मिथिल गटांची खूण, उतरत गेले, म्हणून हे जनुक हळूहळू उघडले, असा निष्कर्ष तू काढला आहेस. तुझे आकडे बरोबर असतील, पण निष्कर्ष मला पटत नाही. हे जनुक यकृताच्या अंकुरात साडेनवव्या दिवसाच्या सुमारासच चालू झालेले असते. मग त्यानंतरची उतरण कशाची?

डीएनएच्या प्रत्येक प्रतीवर, ठरावीक जागी, मिथिल गट असतो किंवा नसतो. त्यामुळे तुझ्या तक्त्यातील ‘४० टक्के’ हा कोणत्याही एका पेशीचा आकडा नाही, ती गर्दीची सरासरी आहे. आणि ही गर्दीच बदलत असते. मधल्या दिवसांत गर्भाचे यकृत मुख्यतः रक्त घडवत असते आणि जन्माच्या सुमारास ते काम अस्थिमज्जेकडे जाते. समज, हा एन्हान्सर यकृतपेशींत पूर्ण मोकळा व रक्तपेशींत पूर्ण मिथिलयुक्त आहे आणि यकृतपेशींचा वाटा २० टक्क्यांवरून ८० वर गेला, तर सरासरी ८० वरून २० वर येईल, आणि तरीही एकाही पेशीत काही बदललेले नसेल. त्यातही मेख अशी, की लाल रक्तपेशी परिपक्व होताना त्यांच्या जीनोमभर मिथायलेशन घटते. माझा पहिला शोधनिबंध नेमका याच मुद्द्यावर साभार परत आला होता.

मिथायलेशन गौण आहे, असे मी म्हणत नाही. डीएनएवर मिथिल गट बसवणाऱ्या एन्झाइमांपैकी डीएनएमटी१ निकामी केलेले उंदराचे भ्रूण गर्भकाळाच्या मध्यावर दगावतात, हे १९९२ मध्ये दिसले. १९९९ मध्ये त्याच कुळातील डीएनएमटी३बी नसलेले भ्रूणही जन्मापूर्वीच गेले, तर डीएनएमटी३ए नसलेली पिल्ले जन्मून चारेक आठवड्यांत मेली. परंतु खूण आवश्यक असणे वेगळे आणि पहिली चाल तिचीच असणे वेगळे. अनेक ठिकाणी फॉक्सएसारखे जनुके चालू करणारे प्रथिन आधी एन्हान्सरवर बसते आणि मिथायलेशन मागाहून उतरते.

तेव्हा पृष्ठभागावरील प्रथिनांच्या आधारे यकृतपेशी वेगळ्या काढ आणि त्याच जागा पुन्हा वाच. बायसल्फाइट प्रक्रियेत मिथिल नसलेले सायटोसिन हे डीएनएचे अक्षर बदलते आणि मिथिलयुक्त तसेच राहते; त्या प्रक्रियेआधी प्रत्येक नमुन्यात लॅम्डा फाज या जिवाणूंच्या विषाणूचा मिथिलविरहित डीएनए थोडा मिसळ. त्यात सायटोसिन शिल्लक दिसले, तर रूपांतर अपुरे झाले आहे आणि त्या नमुन्याची सारी टक्केवारी फुगलेली आहे, असे समज. नवे तक्ते तयार झाले की आधी लॅम्डाची ओळ पाठव, अल्ब्युमिनची नंतर.

कळावे.