मामांची आल्फा स्पायडर: रिस्टोअर करावी, विकावी की तयार गाडी घ्यावी?

प्रश्न: मामांच्या पश्चात त्यांची १९७४ची आल्फा रोमिओ २००० स्पायडर व्हेलोचे ही उघड्या छताची इटालियन गाडी माझ्याकडे आली आहे. १४ वर्षं ती गॅरेजात बंद उभी आहे. एका वर्कशॉपने संपूर्ण रिस्टोरेशनचा अंदाज दिला आहे. अर्धी रक्कम अडीअडचणीच्या निधीतून आणि अर्धी पाच वर्षांच्या वैयक्तिक कर्जातून उभी करावी, असं मनात आहे. गाडी फुकट मिळाली आहे, जुन्या गाड्यांचे भाव चढत आहेत. दहा वर्षांनी विकून मुलीच्या उच्च शिक्षणाचा खर्च निघेल. हा हिशेब बरोबर आहे का?

उत्तर: अडीअडचणीच्या निधीला हात लावू नका आणि वर्कशॉपला पूर्ण कामाची ऑर्डर देऊ नका. गाडी ठेवायची की नाही, हे आज ठरवता येणार नाही. ज्या माहितीवर ते अवलंबून आहे ती दाराखालच्या पत्र्याच्या आत दडलेली आहे, आणि ती बाहेर काढायला एकूण अंदाजाच्या मानाने किरकोळ खर्च येतो. सध्या तेवढाच खर्च करा.

तुमच्या पत्रातले आकडे गुणोत्तरात मांडतो. चांगल्या स्थितीतल्या, चालत्या २००० स्पायडरचा भाव १०० धरू. तुमची गाडी आहे तशी विकली तर २५ येतील, असं दोन खरेदीदारांनी तुम्हाला सांगितलं आहे. वर्कशॉपचा अंदाज ९० आहे: पत्राकाम ३२, इंजिन-गिअरबॉक्स-ब्रेक मिळून २०, आणि रंग, क्रोम, हुड (घडीचं कापडी छप्पर), सीट वगैरे ३८.

पहिली गफलत ‘फुकट’ या शब्दात आहे. आज २५ला विकता येणारी गाडी तुम्ही विकत नाही, म्हणजे तुम्ही २५ गुंतवता आहात. त्यात ९० मिळवले की ११५ झाले. गंजलेली गाडी उघडल्यावर काम वाढतंच, म्हणून अशा अंदाजावर मी ३० टक्के जास्त धरतो. ९०चे ११७ होतात, आणि २५ धरून एकूण १४२. हाती येणार १०० किमतीची गाडी. दुसरीकडे, ही गाडी २५ला विकून तयार गाडी १००ला घेतली तर खिशातून ७५ जातात. एकीकडे ११७, दुसरीकडे ७५. हा ४२चा फरक म्हणजे ‘हीच, मामांची गाडी’ असण्याची किंमत. ती मोजायला माझी हरकत नाही. माणसं प्रेमाखातर याहून जास्त खर्च करतात. पण ती घराच्या खर्चात धरा, गुंतवणुकीत नको.

आता दहा वर्षांचा विचार करू. १४२ रक्कम ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर दहा वर्षांत २५४ होते. गाडीचा विमा, जागा, देखभाल यांवर दरवर्षी ४ खर्च झाले आणि तेच पैसे त्याच दराने गुंतवले असते, तर त्यांचे साधारण ५३ झाले असते. म्हणजे १०० किमतीची गाडी दहा वर्षांनी ३०७ला विकली गेली तरच तुम्ही बरोबरीत राहता. त्यासाठी भाव दरवर्षी जवळजवळ १२ टक्क्यांनी, सलग दहा वर्षं वाढायला हवा. मुलीचं शिक्षण या अपेक्षेवर सोडू नका. प्रवेशाची फी ठरलेल्या तारखेला भरावी लागते, आणि जुन्या गाडीला योग्य गिऱ्हाईक कधी भेटेल ते सांगता येत नाही.

कर्जाचा हिशेब याहून कडक आहे. ४५चं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता १ बसतो आणि एकूण ६० फेडावे लागतात. हे वरचे १५ मी आधीच्या हिशेबात धरलेलेच नाहीत.

काही इटालियन उघड्या गाड्यांच्या बाबतीत हे गणित उलटतं. लान्चिया ऑरेलिया बी२४ स्पायडर १९५४-५५मध्ये फक्त २४० बनल्या. तिथे तयार गाडीची किंमत इतकी असते की मोडकी गाडी उभी करण्याचा खर्च त्यात बसू शकतो. आल्फाची स्पायडर १९६६पासून १९९०च्या दशकापर्यंत बनत राहिली आणि तिची संख्या लाखाच्या वर गेली. तिच्यातही १९६६-६७च्या गोल शेपटीच्या १६०० डुएट्टोला वेगळा मान आहे. तुमची १९७४ची, म्हणजे १९७०पासूनच्या तुटक शेपटीच्या मालिकेतली. तिचा तोटा असा की भावाला टोक गाठता येत नाही. फायदा असा की सुटे भाग मिळतात: सिल (दाराखालची पत्र्याची पेटी), फ्लोअर, रबर सील, हुडचं कापड, गॅसकेट संच, पिस्टन-लायनर, सगळं नव्याने बनतं. एका भागासाठी गाडी वर्षभर अडकून पडण्याची भीती कमी आहे.

खरी भीती आहे ती काम अर्ध्यात थांबण्याची. रंग खरवडलेली बॉडी, वेगळं काढलेलं इंजिन आणि चाळीस खोक्यांत भरलेले नटबोल्ट अशी गाडी आजच्या २५लाही कोणी घेणार नाही, कारण खोक्यांत काय आहे आणि काय नाही, याची खात्री घेणाऱ्याला कधीच होत नाही. ६० खर्चून पैसे संपले तर हातात २५हून कमी उरतं. म्हणून तुमच्या प्रश्नात परताव्याच्या दरापेक्षा रोकड किती आहे, हे जास्त महत्त्वाचं. प्रत्येक टप्पा संपल्यावर गाडी चारही चाकांवर, जोडलेली आणि विकण्याजोगी असली पाहिजे. वर्कशॉपशी बोलताना ही अट पहिली ठेवा.

पहिला टप्पा तपासणीचा. ती अंदाज देणाऱ्या वर्कशॉपकडून करून घेऊ नका. ज्याला पुढचं काम मिळणार नाही अशा जाणकाराला वेळेचे पैसे देऊन बोलवा.

सगळ्यात जास्त वेळ सिलवर द्यावा. छप्पर नसलेल्या गाडीची ताकद दोन्ही दारांखालच्या या लांब पेट्यांवर उभी असते. स्पायडरमध्ये प्रत्येक पेटी तीन थरांची असते: बाहेरचा पत्रा, मधला आणि आतला. बाहेरचा दिसतो, गंजतो आणि नवा बसवला जातो. मधला कुजलेला असताना वरून नवा पत्रा वेल्ड करून टाकणं ही या गाड्यांमधली जुनी लबाडी आहे; दिसायला सिल कोरं, आत भुगा. आत नळीचा कॅमेरा घालून पाहता येतं. साधी चाचणीही आहे: दार बंद असताना त्याच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा, मग गाडीचा एक कोपरा जॅकवर उचलून तीच फट पुन्हा मोजा. आकडा बदलला किंवा दार अडकायला लागलं तर बॉडी वाकते आहे. जॅक लावायच्या जागा, पायाखालचा फ्लोअर, रेडिएटरखालचा आडवा पत्रा, पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीतली स्टेपनीची खोलगट जागा, एवढं सुऱ्याच्या टोकाने टोचून आणि चुंबक फिरवून तपासा. चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. हुडच्या मागे साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या असतील तर पाणी आत झिरपून फ्लोअर आतल्या बाजूने कुजतो. म्हणून गालिचा उचलल्याशिवाय फ्लोअर चांगला आहे असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका.

इंजिन १९६२ सीसीचं, ८४ मिमी बोअर आणि ८८.५ मिमी स्ट्रोकचं, ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे. लायनर, म्हणजे ज्यांत पिस्टन सरकतात त्या नळ्या, बिडाचे आणि ओले, म्हणजे कूलंट थेट त्यांना लागून फिरतो. १४ वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटलेल्या असू शकतात. बॅटरी लावून स्टार्टर मारला तर रिंग तुटते आणि लायनरवर ओरखडा उमटतो. फुकटात वाचणारं इंजिन खर्चात जातं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या नटावर पाना लावून हाताने सावकाश फिरवा. मोकळं फिरलं की प्लग काढलेले असतानाच स्टार्टरवर फिरवून तेलाचा दाब येतो का ते पाहा आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजा. चारही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असले तर समाधान माना. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग किंवा तेलात दुधाळ साका दिसला तर हेड उतरवणं आलंच. या इंजिनात हेड आणि ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटा छोट्या रबरी रिंगांनी बंद होतात, त्या कडक झाल्या की तेल आणि पाणी एकत्र होतं. गॅसकेट स्वस्त असतो. जुन्या कूलंटने पोखरलेलं हेड मात्र स्वस्त नसतं.

बाकीचं ठरलेलं आहे, त्यावर फार डोकं शिणवू नका. चारही चाकांचे डिस्क ब्रेकचे कॅलिपर अडकलेले असतील, रबरी होज आतून फुगून बंद झाले असतील, पेट्रोलच्या टाकीत गंज आणि राळ असेल, दोन्ही कार्बोरेटर उघडून साफ करावे लागतील, प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा रबरी कपलिंग चिरला असेल. टायर १६५ एचआर १४ मापाचे. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी पाचही बदला. गिअरबॉक्सचं दुखणं दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोचं (गिअर अलगद पडू देणाऱ्या भागाचं), पण ते गाडी चालल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी रक्कम बाजूला ठेवा.

याच वेळी नंबर जुळवा. चॅसिस नंबर इंजिनमागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला असतो, तो कागदपत्रांशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. कार्बोरेटरवाल्या २००० इंजिनाचा नंबर एआर ००५१२ने सुरू होतो. दुसरंच इंजिन निघालं तर गाडी वाईट ठरत नाही, पण १०० हा भाव खाली येतो आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो.

तपासणीनंतर दोनच वाटा उरतात. मधले आणि आतले सिल दोन्ही बाजूंनी कुजलेले असतील आणि फ्लोअरही गेला असेल, तर ३२चं पत्राकाम ३२त होणार नाही. तेव्हा गाडी सगळ्या सुट्या भागांसकट, अखंड, २५ला विका आणि उरलेले ७५ साठले की तयार गाडी घ्या. तोवर वाट पाहणं तुमच्या घरच्या परिस्थितीला जमणारं आहे.

सिलची आतली बाजू धड निघाली तर गाडी ठेवा, पण ९०चं काम करू नका. पत्राकाम आणि यांत्रिक काम मिळून ५२चं आहे. बाहेरचे सिल, फ्लोअरचे तुकडे, ब्रेक, इंधन, टायर एवढं झालं की गाडी सुरक्षित चालते. जुना रंग, चिरलेल्या सीट, डाग पडलेला क्रोम राहू द्या. ३८चा तो भाग पाच वर्षांनी करा किंवा करूही नका. मूळ रंगातली, प्रामाणिकपणे जुनी दिसणारी गाडी आवडीने घेणारेही असतात. उलट क्रमाने, म्हणजे आधी रंग आणि मग पत्रा, असं काम करणारे पैसे दोनदा मोजतात, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने रंग जळतो.

सुटे करण्याचं, साफसफाईचं, आतलं साहित्य काढण्या-बसवण्याचं काम तुम्ही स्वतः करू शकता आणि त्यात मजुरीचे बरेच तास वाचतात. प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, काढण्याआधी फोटो. सिलचं वेल्डिंग मात्र स्वतः करू नका. दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या टाकून, बॉडीला खालून नीट आधार देऊन, एका वेळी एकाच बाजूचा पत्रा कापायचा असतो. हे चुकलं तर बॉडी मधून खचते आणि दारं पुन्हा कधीच नीट बसत नाहीत.

वर्कशॉपकडून तासांची संख्या आणि तासाचा दर वेगवेगळा लिहून घ्या. क्रोम, हुडची फ्रेम, काच आणि पोकळ भागांत मेण भरणं अंदाजात आहे की नाही ते विचारा. सहसा हेच सुटलेलं असतं. पैसे टप्प्याचं काम पाहून द्या, आगाऊ द्याल ते फक्त सुट्या भागांचे, आणि भागांची बिलं तुमच्या नावावर घ्या. ठरलेल्या रकमेच्या १० टक्के वर खर्च जाणार असेल तर लेखी विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हेही करारात घाला. विमा ठरावीक मूल्याचा, म्हणजे गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून, घ्या, आणि गाडी वर्कशॉपमध्ये सुटी पडलेली असताना तो लागू राहतो का, हे पॉलिसीत वाचून पाहा.

पैसा कुठून आणायचा? तुमच्या पत्रानुसार दरमहा साधारण २ शिल्लक राहतात. मुलीच्या शिक्षणाचा १ आधी वेगळा काढा, तो इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाप्रमाणे गुंतवणाऱ्या फंडात) नियमित जाऊ द्या आणि गाडीशी त्याचा संबंध ठेवू नका. उरलेला १, जो कर्जाच्या हप्त्यात गेला असता, तो गाडीच्या वेगळ्या खात्यात टाका. ३२च्या पत्राकामावर ३० टक्के जादा धरले तर ४२ लागतात, म्हणजे साडेतीन वर्षं. तेवढी रक्कम पूर्ण जमेपर्यंत ग्राइंडर लावू देऊ नका. तोवर गाडी कोरड्या जागी स्टँडवर ठेवा, जुनं पेट्रोल काढून टाका, हुड वर लावून ठेवा म्हणजे कापड घडीवर चिरणार नाही, आणि इंजिन मोकळं झालं असेल तर महिन्यातून एकदा हाताने दोन फेरे फिरवा.

तपासणी झाली की दारांच्या फटींची चारही मापं, कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि सिलच्या आतले फोटो पाठवा. त्यावरून ३२चा आकडा पुन्हा मांडून देईन.